फोर्डच्या ट्रकचा पत्रा आणि आपली लालपरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मोठ्या पिकअप ट्रकवर लेख आला होता तो मी दोनदा वाचला, फोटो छान होते, पण त्यात असं लिहिलंय की फोर्डनं या ट्रकची बॉडी स्टीलऐवजी अ‍ॅल्युमिनियमची केली ती फक्त मायलेजसाठी, आणि त्यापायी गाडी कच्ची झाली, पत्र्याचा डबा झाला. हे बरोबर नाही. मी ३४ वर्षं बस-बॉडी बांधायचं काम केलंय, फिटर म्हणून लागलो आणि सुपरवायझर म्हणून रिटायर झालो, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापणं, वाकवणं, त्याला रिबिट मारणं यातच आयुष्य गेलं, अजून उजव्या अंगठ्यावर पत्र्यानं कापल्याची खूण आहे. त्यात मागच्या वर्षी मुलीकडे डॅलसजवळ प्लेनोला साडेचार महिने राहून आलो, तिथं हे ट्रक रोज समोर उभे असायचे, मी खाली वाकून चॅसी बघायचो आणि मुलगी म्हणायची बाबा असं कुणाच्या गाडीखाली बघत जाऊ नका. तर म्हणून लिहितोय, पत्र थोडं लांबेल पण शक्य असेल तर छापा.

आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमची गाडी म्हटलं की लोकांना एसटी आठवते. लालपरीची बॉडी वर्षानुवर्षं अ‍ॅल्युमिनियमची होती, दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या एसटीच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बांधलेली, आणि मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो यायचा त्यात बाजूचा पत्रा कागदासारखा फाटलेला दिसायचा. पुढं एसटीनं माइल्ड स्टीलच्या बॉडीकडे जायचं ठरवलं, प्रवाशांची सुरक्षितता हे कारण दिलं, आणि माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. मग वाचणाऱ्याला वाटणारच की आपण अ‍ॅल्युमिनियम सोडून स्टीलवर आलो आणि तिकडचे लोक स्टील सोडून अ‍ॅल्युमिनियमवर गेले, म्हणजे दोघांपैकी कुणीतरी एक चुकलंय. पण कुणीच चुकलेलं नाही. बसमध्ये माणसं बॉडीच्या आत बसलेली असतात, बस उलटली की त्या सांगाड्यानंच सगळा भार घ्यायचा असतो, तिथं बॉडी म्हणजे पिंजरा आहे. मोठ्या पिकअपमध्ये खालची चॅसी वेगळी असते आणि ती अजूनही स्टीलचीच आहे, ओझं ती घेते, ट्रेलर तिला जोडलेला असतो, वरची केबिन आणि मागचा हौदा तिच्यावर बसवलेले असतात. लेखात हा चॅसीचा मुद्दाच आला नाही आणि सगळी गडबड तिथं झालीय.

आता वजनाचा हिशोब सांगतो कारण मूळ गोष्ट तीच आहे. फोर्डनं पहिल्यांदा अ‍ॅल्युमिनियम केली ती एफ-१५०, म्हणजे त्यातल्या त्यात लहान, २०१४ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या शोमध्ये दाखवली आणि २०१५ चं मॉडेल म्हणून विकली. ती जुन्या गाडीपेक्षा ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे ३१५ किलोच्या आसपास हलकी झाली. ती मायलेजसाठी होती हे मान्य, त्यावेळी ओबामा सरकारचे मायलेजचे कडक नियम आलेले होते. पण आपल्या लेखात ज्या गाडीचा फोटो होता ती सुपर ड्यूटी, एफ-२५० आणि त्याच्या वरची जात, केंटकीत लुईव्हिलच्या कारखान्यात बनते. ती नव्यानं डिझाइन करून २०१५ च्या सप्टेंबरमध्ये डॅलसच्याच जत्रेत दाखवली (टेक्सास राज्याची मोठी जत्रा भरते तिथं, तिच्यात ट्रकचा वेगळा विभाग असतो) आणि २०१७ चं मॉडेल म्हणून बाजारात आली. आणि गंमत अशी की अमेरिकेत ८५०० पौंडांच्या, म्हणजे ३८५० किलोच्या वर पासिंग (मालासकट गाडीचं परवानगी असलेलं एकूण वजन) असलेल्या पिकअपला काचेवर मायलेजचं लेबल लावायची सक्तीच नाही. शोरूममध्ये गिऱ्हाईक सुपर ड्यूटीचं मायलेज वाचून गाडी घेत नाही कारण ते लिहिलेलंच नसतं. मग एवढा खर्च करून अ‍ॅल्युमिनियम का घातलं असेल?

उत्तर आपल्या कुठल्याही टेम्पोवाल्याला माहितीय. गाडीचं पासिंग ठरलेलं असतं, त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा, राहिला तो माल. रिकामी गाडी १०० किलोनं हलकी झाली तर कायद्यात राहून १०० किलो माल जास्त बसतो. फोर्डनं केबिन आणि हौद्यात वजन वाचवलं आणि त्यातलं बरंचसं परत खालीच घातलं, चॅसी जाड केली, अ‍ॅक्सल मोठे केले, ब्रेक मोठे केले, एवढं सगळं करून वर पूर्ण गाडी जुन्या गाडीपेक्षा ३५० पौंडांपर्यंत, म्हणजे १६० किलोपर्यंत हलकी निघाली. चॅसीत ९५ टक्क्यांहून जास्त हाय-स्ट्रेंथ स्टील आहे आणि ती जुन्या चॅसीपेक्षा २४ पटीपर्यंत ताठ आहे असं कंपनी सांगते. त्या मॉडेलची सगळ्यात मोठी गाडी गूझनेक ट्रेलर (हौद्याच्या आत जोडायचा मोठा ट्रेलर) लावून ३२,५०० पौंड ओढायची, म्हणजे पावणेपंधरा टनांच्या आसपास, आणि २०२३ च्या मॉडेलला तो आकडा ४०,००० पौंडांवर गेलाय, १८ टन. बॉडी तेव्हाही अ‍ॅल्युमिनियमचीच ठेवली. १८ टन ओढणाऱ्या गाडीला पत्र्याचा डबा म्हणणं मला पटत नाही. वाचवलेलं वजन कंपनीनं कुठं घातलं हे बघायला पाहिजे होतं, लेखकानं फक्त वाचवलं एवढंच बघितलं.

आमच्या मुलीच्या शेजारी एक लाकडी कुंपणं घालून देणारा कॉन्ट्रॅक्टर राहतो, मोठा मनमोकळा माणूस, त्याच्याकडे एफ-२५० आहे. आधीच्या स्टीलच्या गाडीला तो दारावर चुंबकाचा बोर्ड लावायचा, धंद्याचं नाव आणि फोन नंबर, रविवारी काढून ठेवायचा. नवी गाडी आणली आणि बोर्ड काही चिकटेना, शेवटी त्यानं स्टिकर करून घेतला. हे ऐकून माझा नातू, सहा वर्षांचा, घरातून फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट घेऊन आला आणि त्या दाराला लावून बघितला तर तो खाली पडला, मग बंपरला लावला तर चिकटला, चॅसीला लावला तर चिकटला. पाच मिनिटांत पोराला कळलं की गाडी दोन धातूंची आहे. मला त्याचं फार कौतुक वाटलं कारण मी ॲप्रेंटिसला हेच असंच शिकवायचो.

आता पत्र्याबद्दल. सगळं अ‍ॅल्युमिनियम एक नसतं. भांड्याचं वेगळं, विमानाचं वेगळं, दाराच्या चौकटीचं वेगळं. जाहिरातीत फोर्ड मिलिटरी ग्रेड म्हणतं, त्या शब्दावरून आमच्यासारख्याला काही कळत नाही, कारागीर विचारतो सिरीज कुठली. या ट्रकमध्ये मुख्यतः ६००० सिरीजचा पत्रा आहे, म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घातलेला, आणि काही ठिकाणी ५००० चा. सहा हजारचा गुण असा की प्रेसमध्ये दाबताना तो मऊ असतो म्हणून आकार नीट घेतो आणि नंतर गाडी पेंटच्या भट्टीतून गेली की त्या उष्णतेनं कडक होतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या एक तृतीयांश वजनाचं आहे पण ताठपणालाही एक तृतीयांशच आहे, म्हणून त्याच जाडीचा पत्रा घालून चालतच नाही, जाड घालावा लागतो. पत्रा पातळ केला असं लेखात आलंय ते नेमकं उलटं आहे.

जोडकामाची तर मला फारच उत्सुकता होती. आम्ही भोक पाडायचो, रिबिट घालायचो, मागून एकजण डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरायचा आणि पुढून दुसरा ठोकायचा, दिवसभर कानात तोच आवाज, रात्री झोपतानाही. पावसाळा झाला की ज्या ज्या ठिकाणी कुणी घाईत स्टीलचा स्क्रू मारलेला असायचा तिथं अ‍ॅल्युमिनियमला पांढरी पूड सुटायची आणि भोक मोठं होत जायचं, दोन धातू आणि पाणी एकत्र आले की हे होणारच. फोर्डच्या गाडीत भोकच पाडत नाहीत. कडक स्टीलचा कोटिंग केलेला रिबिट मशीननं सरळ दाबतात, तो वरचा पत्रा चिरून आत जातो आणि खालच्या पत्र्यात फुलासारखा फाकतो पण खालचा पत्रा आरपार फुटत नाही, म्हणून पाणी आत जायला वाट नाही. आणि दोन पत्र्यांच्या मध्ये गोंदासारखं स्ट्रक्चरल अ‍ॅडहेसिव्ह भरलेलं असतं, ते भट्टीत पक्कं होतं, नुसत्या रिबिटवर भरवसा नाही. ही पद्धत काही फोर्डनं त्या ट्रकसाठी एका रात्रीत काढली नाही. २००३ च्या जॅग्वार एक्सजे गाडीची बॉडी अशीच रिबिट आणि अ‍ॅडहेसिव्हची होती, अख्खी अ‍ॅल्युमिनियमची, आणि तेव्हा जॅग्वार फोर्डच्या मालकीची होती. २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार आणि लँड रोव्हर फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरला घेतल्या, आणि त्यानंतर २०१२ ची रेंज रोव्हर अ‍ॅल्युमिनियमची होऊन ४२० किलोपर्यंत हलकी झाली. लँड रोव्हरला तर अ‍ॅल्युमिनियम नवं नव्हतंच, १९४८ ची पहिली गाडी त्याच धातूच्या पत्र्याची होती कारण युद्धानंतर इंग्लंडमध्ये स्टीलची टंचाई होती. म्हणजे या विद्येचा एक धागा आज टाटांच्या घरात आहे, आणि आपल्या मराठी पेपरात अ‍ॅल्युमिनियमवर लिहिताना हे यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरी बाजू, ती लपवायची नाही. २०१६ मध्ये शेव्हरोलेनं जाहिरात केली, एका लोडरमधून ८२५ पौंड वजनाच्या सिमेंटच्या विटा दोन ट्रकच्या हौद्यात वरून ओतल्या, त्यांच्या स्टीलच्या हौद्याला पोचे आले आणि फोर्डच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हौद्याला भोकं पडली. जाहिरात असली तरी धातूचा स्वभाव तसाच आहे, टोकदार मार बसला की स्टील दबतं आणि अ‍ॅल्युमिनियम फाटतं, मी स्वतः शेकडो वेळा बघितलंय. खडी आणि फरशा टाकणाऱ्यानं हौद्याला जाड लायनर लावून घ्यावा, शेजाऱ्यानं लावलाय. (त्याच कंपनीनं २०१९ च्या सिल्व्हरॅडोला बॉनेट, दारं आणि मागचं फळकं अ‍ॅल्युमिनियमचं केलं आणि हौदा स्टीलचा ठेवला, मला स्वतःला ही वाटणी सगळ्यात शहाणपणाची वाटते.) दुसरं म्हणजे दुरुस्ती. तिथल्या विमा कंपन्यांची एक संस्था आहे गाड्या आपटून बघणारी, आयआयएचएस, तिनं २०१५ मध्ये जुनी स्टीलची आणि नवी अ‍ॅल्युमिनियमची एफ-१५० हळू वेगात आपटून बघितली तर नव्या गाडीचा दुरुस्ती खर्च २६ टक्के जास्त आला.

तो खर्च कशाचा आहे हे मी डोळ्यांनी बघितलं. मे महिन्यात एका रात्री प्लेनोला गारा पडल्या, लिंबाएवढ्या, सकाळी गल्लीतल्या सगळ्या गाड्यांवर देवी आल्यासारखे खड्डे. दोन दिवसांत मोठ्या पार्किंगमध्ये तंबू लागले, गारांचे खड्डे काढणारे कारागीर गावोगाव फिरतात तिकडे, जिथं गारा पडतील तिथं जातात. शेजाऱ्याबरोबर मीही गेलो. त्याची गाडी ज्याच्याकडे होती तो कारागीर मेक्सिकोचा, त्याला इंग्रजी बेताचं आणि मला त्याहून बेताचं, पण हत्यार हातात असलं की भाषा फार लागत नाही. बॉनेट उघडून खालून लांब वाकडी सळई घालायची, बाजूला पट्ट्यापट्ट्यांचा दिवा लावायचा, पत्र्यावर त्या पट्ट्यांचं प्रतिबिंब जिथं वाकडं दिसतं तिथं खालून इतकं हळू दाबायचं की रंगाला तडा जाता कामा नये. लांबी (पुट्टी) भरणं नाही, पेंट नाही, काही नाही. मी तीन तास उभा होतो, जावईबापू न्यायला आले तरी निघवेना. शेजारच्या स्टीलच्या कारचे खड्डे दुसरा कारागीर भराभर काढत होता कारण स्टीलला आपला आकार आठवतो, थोडी मदत केली की ते स्वतःच परत येतं. अ‍ॅल्युमिनियमला ते नाही. दाबलं की तिथंच बसतं, जास्त दाबलं की ताणलं जातं आणि ताणलेला पत्रा आखडून घेणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहिती. तो हीट गननं पत्रा जरा गरम करायचा, हाताच्या मागच्या बाजूनं अंदाज घ्यायचा, मग बारीक बारीक दाबायचा, एका खड्ड्याला कारच्या तिप्पट वेळ गेला. त्याचा दर म्हणूनच वेगळा होता आणि तो मला अजिबात जास्त वाटला नाही. शेवटी त्यानं सळई माझ्या हातात दिली आणि एक खड्डा मला काढू दिला, पूर्ण निघाला नाही पण त्यानं पाठीवर थाप मारली.

जिथं मोठी दुरुस्ती होते त्या बॉडीशॉपमध्येही जावयांच्या ओळखीनं जाऊन आलो. अ‍ॅल्युमिनियमच्या कामाला वेगळी खोली, पडदा लावलेला, हातोडे, ग्राइंडर, ब्रश सगळं वेगळं, कारण स्टीलवर वापरलेलं हत्यार अ‍ॅल्युमिनियमवर चालवलं तर स्टीलचे कण त्यात रुततात आणि पेंटखाली गंज धरतो. धूळ ओढायचं मशीनही वेगळं, अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते. आमच्याकडे एकच हातोडा सगळ्याला चालायचा, कुणी सांगितलंच नव्हतं. तिथं एफ-१५० बाजारात यायच्या आधीच आय-कार नावाच्या संस्थेनं बॉडीशॉपवाल्यांसाठी या गाडीच्या दुरुस्तीचा कोर्स काढला होता. गाडी यायच्या आधी कारागीर तयार करायचा, मागून नाही, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडली.

आणखी एक मुद्दा, तो थेट मुंबईशी जोडलेला असूनही लेखात आला नाही. हा पत्रा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांत एक नोव्हेलिस आहे आणि ती २००७ पासून मुंबईच्या हिंदाल्कोची, म्हणजे बिर्लांच्या अ‍ॅल्युमिनियम कंपनीची आहे, जवळजवळ ६ अब्ज डॉलर मोजून घेतलेली. न्यूयॉर्क राज्यात ऑस्विगोला तिची मोठी गिरणी आहे, तिथून फोर्डला पत्रा जातो. २०२५ च्या १६ सप्टेंबरला तिथल्या हॉट मिलला (धातू तापवून पत्रा लाटायच्या विभागाला) मोठी आग लागली आणि नोव्हेंबरमध्ये परत एकदा लागली, फोर्डचं ट्रकचं उत्पादन अडकलं आणि दीड ते दोन अब्ज डॉलरपर्यंत फटका बसेल असं कंपनीनंच ऑक्टोबरमध्ये सांगितलं. स्टीलचा पत्रा देणारे बरेच असतात, असा गाडीचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा लाटणाऱ्या गिरण्या मोजक्या आहेत, एक बंद पडली की ट्रकची लाइन थांबते. अ‍ॅल्युमिनियमचा खरा धोका लिहायचाच असेल तर तो हा लिहा, ताकदीचा नव्हे. आणि चांगलं लिहायचं असेल तर भंगाराचं लिहा. दारं-खिडक्या कापून उरलेल्या कातरणी फोर्डवाले प्रेसखालूनच ओढून घेतात, सिरीजप्रमाणे वेगळ्या ठेवतात आणि परत गिरणीत पाठवतात, २०१७ मध्ये फोर्डनं सांगितलं की महिन्याला २ कोटी पौंडांपर्यंत असं अ‍ॅल्युमिनियम परत वापरलं जातं आणि त्यात ३० हजारांवर एफ-१५० च्या बॉड्या होतील. नवीन अ‍ॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास वितळवून परत करायला लागते. आम्ही सगळी कातरण एका पोत्यात भरायचो, पाच हजार सहा हजार सगळं एकत्र, त्यात स्टीलचे रिबिटही, आणि भंगारवाला त्याच भावानं न्यायचा.

तेव्हा संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की त्या लेखातली ताकद गेल्याची आणि पत्रा पातळ केल्याची वाक्यं पुढच्या रविवारी दुरुस्त करा. आणि जमलं तर आपला एखादा वार्ताहर आयटीआयमध्ये पाठवा, शीट मेटलच्या पोरांना अ‍ॅल्युमिनियमवर किती तास हात चालवायला मिळतो ते विचारायला सांगा. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे वजन कमी करायची गरज इकडेही वाढतेय, हा पत्रा आपल्या गॅरेजमध्ये येणार आहे, आणि डेंटिंग करणारी आपली पोरं हुशार आहेत, त्यांना फक्त आधी सांगायला पाहिजे. त्या बॉडीशॉपवाल्यानं मला निघताना दोन पत्र्यांच्या जोडाचा मधोमध कापलेला तुकडा दिला, आत फाकलेला रिबिट आणि अ‍ॅडहेसिव्हची काळी रेघ स्वच्छ दिसते. तो माझ्याकडे आहे, वार्ताहर पोरांकडे जाणार असेल तर मी तो घेऊन बरोबर यायला तयार आहे, सकाळी दहानंतर कधीही.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त बस-बॉडी फिटर, पिंपळे गुरव, पुणे